ग्रीनलंड आणि आफ्रिका नकाशावर सारखेच मोठे का दिसतात?

शोधयात्री यांचा प्रश्न:

लहानपणापासून जगाचा जो नकाशा डोळ्यांसमोर आहे, त्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखेच मोठे दिसतात आणि आजवर मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. परवा एका ॲटलासच्या शेवटी दिलेला क्षेत्रफळांचा तक्ता चाळत असताना मात्र मी थबकलो. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिकेचे सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. आफ्रिकेतला काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा एकटा देशसुद्धा (सुमारे २३.४ लाख चौ. किमी) ग्रीनलंडहून मोठा आहे. अलास्का नकाशावर ब्राझीलच्या तोडीचा दिसतो, पण ब्राझील त्याच्या जवळजवळ पाचपट आहे. आफ्रिकेहून मोठा भासणारा रशिया तर प्रत्यक्षात आफ्रिकेच्या निम्म्याहून थोडाच अधिक आहे.

गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना काही ओढाताण होणार, हे मला समजते. पण चौदापटीचा फरक ओढाताणीच्या नावाखाली कसा खपवायचा? हा नकाशा नेमका कोणत्या हिशेबाने काढलेला असतो, त्यात उत्तरेकडच्या देशांना मोठे दाखवण्याचा हेतू होता का, आणि भिंतीवर लावायला याहून प्रामाणिक नकाशा कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ध्रुवतारा यांचे उत्तर:

आपण वर्णन केलेला नकाशा मर्केटर प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या, मर्केटर या सोळाव्या शतकातील नकाशाकाराच्या पद्धतीवर आधारलेला असणार. त्याचा हिशेब समजून घेण्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पृथ्वीवर अक्षवृत्ते ध्रुवांकडे जाताना लहान होत जातात. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, तर ६० अंशांच्या अक्षवृत्ताचा परीघ त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटर आहे. आपल्या नकाशावर मात्र ही दोन्ही वृत्ते एकाच लांबीच्या आडव्या रेषा म्हणून काढलेली असतात, म्हणजेच ६० अंशांवरचा प्रदेश पूर्व-पश्चिम दिशेने दुप्पट ताणला गेलेला असतो. एवढ्यावरच थांबले असते, तर तिथली बेटे आणि किनारे आडवे पसरट दिसले असते. ते तसे दिसू नयेत म्हणून मर्केटरने दक्षिणोत्तर दिशेनेही तेवढाच ताण दिला. लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट झाल्यामुळे क्षेत्रफळ चौपट झाले. हाच हिशेब पुढे नेला, तर ७० अंशांवर क्षेत्रफळ सुमारे साडेआठपट, ७५ अंशांवर पंधरापट आणि ८० अंशांवर तेहेतीसपट फुगते. प्रत्यक्ष ध्रुव तर या नकाशावर काढताच येत नाही, कारण तो अनंत अंतरावर जातो. ग्रीनलंडचा विस्तार साधारण ६० ते ८३ अंश उत्तर या पट्ट्यात आहे, तर आफ्रिका विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३५ ते ३७ अंशांपर्यंतच पसरलेली आहे आणि तिच्या अगदी उत्तर टोकालाही हा फुगवटा दीडपटीच्या आसपासच राहतो. आपल्या चौदापटीचे कोडे इथेच सुटते.

आता हेतूविषयी. गेरार्डस मर्केटर यांनी हा नकाशा १५६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो दर्यावर्दींच्या उपयोगासाठी आहे, असे त्याच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच नमूद केले. त्या काळी खुल्या समुद्रात जहाज हाकारायचे, तर होकायंत्राचा एक कोन ठरवून तो धरून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग होता. पृथ्वीगोलावर असा मार्ग ध्रुवाकडे गुंडाळत जाणारी वक्ररेषा असतो, पण मर्केटरच्या नकाशावर तो सरळ रेषा होतो. खलाशाने निघण्याचे आणि पोहोचण्याचे बंदर पट्टीने जोडावे, रेषेचा कोन मोजावा आणि तोच कोन होकायंत्रावर धरावा, इतके ते सोपे झाले. ही सोय साधण्यासाठी नकाशाच्या प्रत्येक बिंदूपाशी कोन अचूक ठेवावे लागतात आणि क्षेत्रफळाचा फुगवटा ही त्याची अटळ किंमत आहे.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण तो चांगल्या पुस्तकांतही आढळतो. काचेच्या पृथ्वीगोलाच्या मध्यभागी दिवा ठेवून भोवती गुंडाळलेल्या कागदाच्या नळकांड्यावर पडणारी सावली म्हणजे मर्केटरचा नकाशा, असे सांगितले जाते. ते खरे नाही. तशा सावलीत पृथ्वीची त्रिज्या १ मानली, तर ८० अंशांचे अक्षवृत्त विषुववृत्तापासून ५.६७ इतक्या अंतरावर पडेल, तर मर्केटरच्या नकाशात ते २.४४ वर असते. मर्केटरच्या नकाशात अक्षवृत्तांमधील अंतरे कोणत्याही दिव्याने मिळत नाहीत, ती बारीक बारीक पट्ट्यांच्या ताणांची बेरीज करून काढावी लागतात. एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने १५९९ मध्ये अशा बेरजांचे कोष्टक छापले. पुढे १६४५ च्या सुमारास हेन्री बाँड यांच्या लक्षात आले की, हे आकडे लॉगॅरिथमच्या एका कोष्टकाशी हुबेहूब जुळतात. असे का व्हावे हे तेव्हा कोणालाच सांगता येईना. त्याची सिद्धता जेम्स ग्रेगरी यांनी १६६८ मध्ये दिली. म्हणजे सुमारे शंभर वर्षे जहाजे ज्या नकाशाच्या भरवशावर चालली, त्याच्या सूत्राची सिद्धता तोवर प्रसिद्धच झाली नव्हती!

प्रतिवाद यांचे उत्तर:

वरील उत्तर माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून प्रश्नाची धार बोथट होते असे मला वाटते. मर्केटरने नकाशा खलाशांसाठी काढला, हे मान्य आहे. पण तो वर्गाच्या भिंतीवर, वृत्तपत्रांत आणि कार्यालयांत कोणी नेला? त्या जागांवर कोणालाही होकायंत्राचा कोन मोजायचा नसतो. जे साधन समुद्रासाठी होते, तेच जगाचे चित्र म्हणून शतकानुशतके वापरले गेले, आणि त्या चित्रात युरोप व उत्तर अमेरिका भरघोस तर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका आक्रसलेल्या दिसत राहिल्या. त्यात भर म्हणजे अशा अनेक नकाशांत अंटार्क्टिकाचा बराचसा भाग खालून छाटलेला असतो, त्यामुळे विषुववृत्त कागदाच्या मध्यावर न राहता खाली सरकते आणि उत्तर गोलार्धाला अर्ध्याहून बरीच अधिक जागा मिळते. हे छाटणे प्रक्षेपणाच्या गणितातून येत नाही. ती छापणाऱ्याची निवड असते.

याच कारणासाठी जर्मन इतिहासकार आर्नो पेटर्स यांनी १९७३ मध्ये प्रत्येक प्रदेशाला त्याच्या क्षेत्रफळाइतकी जागा देणारा नकाशा जगासमोर मांडला आणि अनेक समाजसेवी व धार्मिक संस्थांनी तो उचलून धरला. २०१७ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या सार्वजनिक शाळांनीही तो वर्गांत आणला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकी संघाने मर्केटरचा वापर थांबवून क्षेत्रफळ जपणारा नकाशा स्वीकारण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. एका संपूर्ण खंडाला आपल्या चित्राविषयी तक्रार करावीशी वाटते, तेव्हा ‘ती गणिताची किंमत आहे’ हे उत्तर अपुरे पडते.

आलेखक यांचे उत्तर:

प्रतिवाद यांचा भिंतीविषयीचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो, पण पेटर्स यांच्या नकाशाविषयी काही सांगणे आवश्यक आहे. त्याआधी शब्दाचा एक घोळ निस्तरतो. आपण मराठीत ‘आकार’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. एखादी वस्तू कशी दिसते तोही तिचा आकार आणि ती किती मोठी आहे तोही आकारच. नकाशांच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती आहेत, म्हणून मी पहिलीला आकृती आणि दुसरीला क्षेत्रफळ म्हणतो.

पृथ्वीगोलावर एक त्रिकोण कल्पून पाहा. विषुववृत्तावरील एका बिंदूपासून सरळ उत्तर ध्रुवापर्यंत जावे, तिथे काटकोनात वळून पुन्हा विषुववृत्तापर्यंत खाली यावे आणि विषुववृत्तावरूनच मूळ जागी परतावे. या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत, म्हणजे त्यांची बेरीज २७० अंश होते. सपाट कागदावर सरळ बाजूंच्या कोणत्याही त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच असते. तेव्हा या त्रिकोणाला कागदावर यायचे, तर त्याला आपले कोन सोडावे लागतील, किंवा बाजू वाकवाव्या लागतील, किंवा लांब्या बदलाव्या लागतील. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये सर्वसाधारण रूपात सिद्ध केलेल्या प्रमेयातून हेच निघते की, गोलाचा कोणताही तुकडा सर्व अंतरे कायम ठेवून सपाट करता येत नाही. आकृती आणि क्षेत्रफळ या दोन्ही गोष्टी एकाच नकाशात सर्वत्र सांभाळणे याच कारणाने अशक्य ठरते.

पेटर्स यांच्या नकाशात क्षेत्रफळ अचूक आहे, यात शंका नाही. त्याची किंमत मात्र आकृतीने चुकवली आहे. त्यात ४५ अंशांवरचे प्रदेश तेवढे बिनबदल उतरतात. विषुववृत्ताजवळ प्रत्येक गोष्ट रुंदीच्या तुलनेत दुप्पट उंच होते आणि ६० अंशांवर ती तितकीच चपटी होते. ज्या आफ्रिकेला न्याय देण्यासाठी हा खटाटोप होता, तीच या नकाशात ओढून लांबवल्यासारखी दिसते आणि युरोपचा मध्य भाग, जो ४५ अंशांच्या जवळ आहे, तो मात्र बराचसा सुबक राहतो. मला हा विरोधाभास नेहमीच मौजेचा वाटत आला आहे. शिवाय हे प्रक्षेपण नवे नव्हते. स्कॉटिश धर्मोपदेशक जेम्स गॉल यांनी ते १८५५ मध्येच मांडले होते, म्हणून आता त्याला गॉल-पेटर्स म्हणतात. त्याहीपूर्वी, १७७२ मध्ये, योहान हाइनरिश लाम्बर्ट यांनी क्षेत्रफळ जपणारे दंडगोल प्रक्षेपण दिले होते आणि १८०५ मध्ये कार्ल मोलवाइडे यांनी लंबवर्तुळाकार नकाशात तेच साधले होते. आफ्रिकी संघाने पाठिंबा दिलेल्या मोहिमेत पुढे केलेला नकाशाही गॉल-पेटर्स नाही. तो २०१८ मध्ये शाव्रिच, पॅटरसन आणि येनी या तिघांनी तयार केलेला ‘इक्वल अर्थ’ आहे. त्यात क्षेत्रफळ अचूक राहते, उजव्या-डाव्या कडा गोलसर वळतात आणि खंड ओळखीचे दिसतात.

राहिला प्रश्न, नकाशामुळे आपली समजूत खरोखर किती बिघडते. मर्केटर पाहत वाढलेला माणूस मनातही मर्केटरच बाळगतो, असे सहज गृहीत धरले जाते, पण पुरावा तितका सरळ नाही. सारा बॅटर्सबी आणि डॅनियल माँटेलो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या प्रदेशांच्या क्षेत्रफळांचा अंदाज विचारला होता. त्या अंदाजांत चुका होत्या, परंतु त्या मर्केटरच्या फुगवट्याशी जुळणाऱ्या नव्हत्या. दुसरीकडे, भूगोलतज्ज्ञ टॉमस सारिनेन यांनी अनेक देशांतील विद्यार्थ्यांकडून केवळ आठवणीने जगाचे नकाशे काढून घेतले, तेव्हा युरोप प्रमाणाबाहेर मोठा आणि आफ्रिका लहान काढण्याकडे कल दिसला. माझे मत असे आहे की, ज्या प्रदेशाविषयी आपल्याला अधिक ऐकायला मिळते आणि ज्याचे तपशील ठाऊक असतात, तो मनात जास्त जागा व्यापतो, आणि त्यात भिंतीवरच्या नकाशाचा हात असला तरी तो एकट्याचा नाही.

प्रतिवाद:

आफ्रिका लांबट दिसते हे मान्य. पण लांबट आफ्रिका पाहून कोणी तिला ग्रीनलंडएवढी तर समजणार नाही! दोन चुकांपैकी एक निवडायचीच असेल, तर मी आकृतीची चूक पत्करीन.

शोधयात्री:

सर्वांचे मनापासून आभार. यातून एक उपप्रश्न निर्माण होतो. हे सारे इतक्या वर्षांपासून ठाऊक असताना फोनवरच्या नकाशांत अजूनही मर्केटरच का वापरतात? त्यांना तर छापण्याची अडचण नाही.

ध्रुवतारा:

कारण फोनवर आपण जग क्वचितच पाहतो. बहुतेक वेळा पाहतो ती गल्ली. नकाशा मोठा करत एखाद्या चौकापर्यंत गेल्यावर तिथले रस्ते काटकोनात मिळत असतील, तर पडद्यावरही ते काटकोनातच मिळायला हवेत, मग ते ठिकाण विषुववृत्तावर असो की ६५ अंशांवर. क्षेत्रफळ जपणाऱ्या नकाशात उत्तरेकडची शहरे तिरकी किंवा चपटी दिसली असती. मर्केटरमध्ये कोन जपले जात असल्यामुळे कोणताही लहान भाग आपल्या मूळ आकृतीतच दिसतो आणि उत्तर दिशा सगळीकडे सरळ वर राहते. २००५ पासून गूगल मॅप्समुळे रूढ झालेल्या या पद्धतीत नकाशा ८५.०५ अंशांवर कापलेला असतो. हा विचित्र आकडा आला कुठून, तर त्या अक्षांशाचे मर्केटर नकाशातील विषुववृत्तापासूनचे अंतर नकाशाच्या रुंदीच्या बरोबर निम्मे भरते. तिथे कापले की संपूर्ण जग एका चौरसात बसते आणि त्या चौरसाचे पुन्हा चार, त्यांचे पुन्हा चार असे तुकडे करत जाता येते. संगणकासाठी ही मांडणी फारच सोयीची आहे. ऑगस्ट २०१८ पासून संगणकावरील गूगल मॅप्स पुरेसा लहान केला की सपाट नकाशाऐवजी पृथ्वीगोल दिसू लागतो, म्हणजे जग पाहायचे तेव्हा गोल आणि गल्ली पाहायची तेव्हा मर्केटर, अशी वाटणी तिथे झालेली आहे.

उपरती यांचे उत्तर:

संपूर्ण चर्चा क्षेत्रफळाभोवती फिरते आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. माझ्या मते भिंतीवरच्या नकाशाने होणारी अधिक खोल फसगत शेजाराविषयीची आहे, आणि ती क्षेत्रफळ अचूक असलेल्या नकाशातही तशीच राहते.

कोणताही आयताकृती किंवा लंबवर्तुळाकार नकाशा पृथ्वीला कुठेतरी उभी चीर देतो. प्रचलित नकाशात ही चीर प्रशांत महासागरात जाते. त्यामुळे सुमारे १६.५ कोटी चौरस किलोमीटरचा, म्हणजे सर्व खंडांच्या एकत्रित क्षेत्रफळाहूनही मोठा असलेला महासागर दोन्ही कडांना दोन तुकड्यांत विभागला जातो आणि उरलेल्या जगाची किनार वाटू लागतो. रशिया नकाशाच्या उजव्या टोकाला आणि अलास्का डाव्या टोकाला, म्हणजे दृष्टीला ते एकमेकांपासून सर्वांत दूरचे; पण बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन्ही भूमींमधील अंतर जेमतेम ८५ किलोमीटर आहे. सामुद्रधुनीच्या मध्यावर दोन डायोमीड बेटे आहेत, त्यांतले मोठे रशियाचे आणि धाकटे अमेरिकेचे, आणि त्या दोघांमधील अंतर चार किलोमीटरही नाही.

ध्रुवांपाशी तर याहून विपरीत घडते. आर्क्टिक महासागर हा भोवतीच्या देशांनी वेढलेला समुद्र आहे. कॅनडा, ग्रीनलंड, नॉर्वे आणि रशिया त्याच्या काठाने समोरासमोर बसलेले आहेत. भिंतीवरच्या नकाशात मात्र तो वरच्या कडेची एक रिकामी पट्टी होतो आणि हे शेजारी एका ओळीत उभे केल्यासारखे दिसतात. तळाशी अंटार्क्टिकाची गत अशीच आहे. सुमारे १ कोटी ४२ लाख चौरस किलोमीटरचा, युरोपहून मोठा असा हा गोलसर खंड नकाशाच्या खालच्या कडेला पांढऱ्या झालरीसारखा पसरतो आणि त्याची आकृती कोणाच्या लक्षातच राहत नाही. इक्वल अर्थमध्येही ही झालर जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हातील नकाशा उत्तर ध्रुवाला मध्यभागी ठेवून काढलेला आहे. तो समोर धरून पाहिला की हा उत्तरेचा शेजार चटकन कळतो, मात्र त्यात दक्षिणेकडचे खंड आडवे ताणले जातात आणि ६० अंश दक्षिणेपलीकडचे काहीच उरत नाही.

अंतर आणि दिशा यांचेही तेच आहे. लंडनहून लॉस एंजेलिसला जायचे झाले, तर मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा नैर्ऋत्येकडे झुकते. सर्वांत जवळचा मार्ग मात्र लंडनहून वायव्येकडे निघतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून, सुमारे ६२ अंश उत्तरेवरून जातो, कारण गोलावर दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहत्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, असतो. विमानाच्या पडद्यावर तो मोठा वळसा घेतल्यासारखा दिसतो आणि प्रवाशांना वाटते, वैमानिक उगाच लांबून नेतो आहे. शंका असल्यास पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा.

म्हणून नकाशा बदलण्याआधी शोधयात्री यांनी एक पृथ्वीगोल घ्यावा असे मी सुचवीन. दुसरी पायरी म्हणून भिंतीसाठी इक्वल अर्थ चालेल.

आलेखक:

सहमत आहे. फक्त एक पर्याय जोडतो. क्षेत्रफळ आणि आकृती या दोहोंत थोडी थोडी तडजोड चालणार असेल, तर ओस्वाल्ड विंकेल यांनी १९२१ मध्ये दिलेले ‘विंकेल त्रिपेल’ पाहावे. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने १९९८ मध्ये आपल्या जागतिक नकाशांसाठी ते स्वीकारले. त्यात ग्रीनलंड अजूनही थोडे फुगलेले असते, पण आफ्रिकेशी बरोबरी करण्याइतके नाही.

शोधयात्री:

पृथ्वीगोल घरातच माळ्यावर पडून होता, तो काढून पुसला आणि लंडन ते लॉस एंजेलिस दोरा ताणला. दोरा खरोखरच ग्रीनलंडवरून गेला. मग पारदर्शक कागदावर ग्रीनलंडची बाह्यरेषा गिरवून, ती कापून आफ्रिकेवर एकेक करून ठेवत गेलो. आठपर्यंत मोजणी नीट झाली. पुढे मोकळी जागा कोपऱ्याकोपऱ्यांत विभागली गेली आणि कात्री लावावी लागली, पण चौदाचा आकडा आता मला अतिशयोक्त वाटत नाही. भिंतीवरचा जुना नकाशा मी उतरवलेला नाही. त्याच्या उजव्या कडेला ६०, ७० आणि ८० अंशांच्या रेषांसमोर पेन्सिलीने अनुक्रमे ४, ८.५ आणि ३३ असे लिहून ठेवले आहे.